निम्म्या मापाचं लेणं

सर,

आज रविवार आहे. दुपारची जेवणं झाली, ओटा पुसून झाला आणि बाहेरच्या खोलीत न जाता मी इथेच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसले आहे. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ बोलले, त्याहून जास्त भांडले, पण कागदावर कधी काही उतरवलं नव्हतं. आज लिहावंसं वाटलं, कारण गेल्या काही महिन्यांत माझं एक जुनं ओझं उतरलं आहे आणि ते मुळात तुम्हीच माझ्यावर ठेवलेलं होतं. तुम्हाला ते ठेवल्याचं आठवतही नसणार. शिक्षकांचं असंच असतं. तुम्ही एक वाक्य बोलून पुढच्या तासाला निघून जाता आणि इकडे एखादी मुलगी ते वाक्य चाळीस वर्षं वाहत राहते.

तुमच्या हाताखालून इतकी मुलं गेली की मी कोण हे आधी सांगायला हवं. नववीच्या वर्गातली, खाडीकाठच्या गावातून शेताच्या बांधावरून चालत शाळेत येणारी मुलगी. आमची भातशेती होती. मी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणायचे आणि वर्ग हसायचा. एकदा तुम्ही हसणाऱ्यांकडे वळून विचारलंत, तिच्या पानीने तहान भागते की नाही, एवढं सांगा. त्यानंतर निदान तुमच्या तासाला तरी कोणी हसलं नाही. शाळेला चित्रकलेचे शिक्षक मिळत नव्हते म्हणून इतिहासाबरोबर चित्रकलाही तुमच्याच गळ्यात पडली होती. मला ते दोन विषय वेगळे आहेत असं कधी वाटलंच नाही. तुम्ही फळ्यावर किल्ल्याचा नकाशा काढायचात, मी तो वहीच्या समासात उतरवून घ्यायचे.

त्याच वर्षी तुम्ही आम्हाला सोपाऱ्याच्या स्तूपावर नेलंत. आम्ही डबे घेऊन, वेण्या घालून, सहलीला निघाल्यासारखे निघालो होतो. तिथे पोचल्यावर दिसला तो झाडांमधला विटांचा एक उंचवटा. माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, इथे तर काहीच नाही. तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही आम्हाला सावलीत बसवलंत आणि म्हणालात, आता अर्धा तास कोणी बोलायचं नाही, ‘काहीच नाही’ कसं दिसतं ते बघा. मी बघत बसले. विटा एकसारख्या नव्हत्या. काही रुंद होत्या, काहींचे कोपरे झिजून गोल झाले होते, आणि एका विटेवर मला चक्क बोटांसारखे ठसे दिसले. कोणीतरी ती ओली असताना उचलली असणार. आजही कोणत्याही जुन्या वास्तूसमोर उभी राहिले की पहिला अर्धा तास मी बोलत नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्यांना ती माझी खोड वाटते.

आणि मग ते प्रदर्शन. शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रत्येकाने काहीतरी करून आणायचं होतं. मी कार्ल्याचं लेणं करायचं ठरवलं, कारण आमचं कुळदैवत एकवीरा आणि तिचं देऊळ त्या लेण्याच्या दारातच आहे. चैत्रात आमचं अख्खं गाव तिकडे जायचं; शाळेत जायला लागल्यापासून परीक्षेमुळे मी मात्र घरीच राहायचे. मी खाडीचा चिखल आणला, त्यात पेंढा कालवला, आईच्या पोळपाटावर खांब वळले. पुस्तकात लेण्याचा बोटभर फोटो होता, त्यावरून हत्ती केले. आठ दिवस पडवीत ते वाळत होतं आणि घरातला प्रत्येक जण त्याला वळसा घालून जात होता. प्रदर्शनाच्या दिवशी लोकांनी फार कौतुक केलं. पालक वाकून वाकून बघत होते. मुख्याध्यापक म्हणाले, अगदी लेण्यात गेल्यासारखं वाटतं. मग तुम्ही आलात.

तुम्ही विचारलंत, खांब किती आहेत. मी माझे मोजून सांगितले. तुम्ही म्हणालात, तुझे नाही, लेण्याचे. मला माहीत नव्हतं. तुम्ही विचारलंत, स्तूपाच्या मागच्या बाजूला काय आहे. मी मागे काहीच केलं नव्हतं, कारण फोटोत मागची बाजू नव्हती. तिथे मी पुठ्ठा लावला होता. तुम्ही विचारलंत, तू गेली आहेस ना तिथे. मी म्हटलं, हो सर, पण लहान होते, आईच्या कडेवर. तुम्ही थोडा वेळ ते लेणं बघितलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, “हे लेणं नाही, लेण्याचं सोंग आहे. लोक हे बघून घरी जातील आणि म्हणतील, पाहिलं.”

बस, एवढंच. आवाजही चढवला नव्हतात. मला तिथल्या तिथे बुडावंसं वाटलं. घरी येऊन मी ते लेणं विहिरीमागे नेऊन फोडलं आणि आईने विचारलं तेव्हा वाटेत पडलं म्हणून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही मला वसईत पापडीला तुमच्या खोलीवर बोलावलंत. वाडीच्या कडेला एक खोली, तिला लागून हातभर स्वयंपाकघर. आढ्याला घरमालकिणीने दिलेला केळ्यांचा घड टांगलेला. तुम्ही स्टोव्ह पेटवून चहा टाकलात. मला वाटलं होतं की तुम्ही आता ‘जास्त लागेल असं बोललो’ वगैरे म्हणाल. तुम्ही तसं काही म्हणाला नाहीत. चहा गाळून माझ्यासमोर ठेवलात आणि फळीवरून चामड्याच्या गोल डबीतला एक कापडी टेप काढून दिलात. जुना होता, पहिल्या फुटाचे आकडे पुसले गेले होते. म्हणालात, तुझ्या हातात कसब आहे, ते मी त्या दिवशी बोललो नाही कारण बाकीचे सगळे तेच बोलत होते; आता आधी मोजायला शीक. मी चहा प्यायले, टेप घेतला आणि घरी येईपर्यंत रडले. ते रागाचं होतं की आनंदाचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुम्ही हे सगळं बोलून गेलात आणि माझं काय झालं बघा. मी सोंगांचाच धंदा धरला. लग्नानंतर वसई पूर्वेला एका गाळ्यात कामाला लागले. तिथे पौराणिक मालिकांसाठी थर्माकोलचे आणि प्लास्टरचे महाल, देवळं, सिंहासनं व्हायची. मी साचे करायचे. माझा हात चांगला होता, पुढे ते वर्कशॉप माझ्याच देखरेखीखाली आलं. पण प्रत्येक खांब उभा राहिला की मला तुमचं वाक्य ऐकू यायचं. शूटिंग संपलं की ते सगळं मोडून ट्रकमध्ये भरलं जाई, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा बरं वाटे. कोणी बघून ‘पाहिलं’ म्हणण्याआधीच गेलं ते.

तुम्ही एकदा तिथे आला होतात, आठवतं? निवृत्त झाला होतात, हातात छत्री होती, आणि कोणाकडून तरी पत्ता विचारत आला होतात. मी हातावरचं प्लास्टर पुसत धावत आले. त्या दिवशी एक देऊळ रंगवून पूर्ण झालं होतं. तुम्ही त्याच्याभोवती एक फेरी मारलीत. मग बोटांच्या पेरांनी एका खांबावर टकटक केलीत. आतून पोकळ आवाज आला. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात, आणि काहीही न बोलता चहा घेऊन निघून गेलात. वर्षाच्या आत तुम्ही गेल्याची बातमी आली. ते हसू कसलं होतं, हे विचारायचं राहून गेलं. मी त्याचे इतके अर्थ लावले आहेत की तुम्हाला ऐकून दया येईल.

आता मूळ गोष्टीवर येते. तीन वर्षांपूर्वी एका संस्थेचे चिटणीस माझ्याकडे आले. विरारला, फुलपाड्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी, त्यांना एक बाग करायची होती आणि त्या बागेत कार्ल्याच्या चैत्यगृहाची प्रतिकृती. मापाने निम्मी, पण माणसं आत जाऊन फिरू शकतील अशी. मला पहिल्यांदा हसू आलं. मग पुठ्ठा आठवला. मी दोन दिवस मागून घेतले, आणि दोन दिवसांनी हो म्हटलं. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर त्याने मागे पुठ्ठाच लावला असता, अशी मी स्वतःची समजूत घातली.

रीतसर परवानगी काढून आम्ही मोजायला गेलो. मी आणि वर्कशॉपमधल्या दोन मुली. आता मोजायला लेझरची यंत्रं आहेत, भिंतीवर लाल ठिपका पाडला की अंतर कळतं. तरी मी तुमचा टेप नेला होता. खांब सदतीस आहेत, सर. दोन्ही बाजूंना पंधरा पंधरा, घटावर उभे असलेले, माथ्यावर पुढून हत्ती, भिंतीकडून घोडे, आणि त्यांच्यावर माणसं. स्तूपाच्या मागे सात, अगदी साधे, अष्टकोनी, त्यांच्यावर एकही आकृती नाही. माझ्या पुठ्ठ्याच्या जागी हे सात खांब होते. आमच्या मुली पुढे मोजत गेल्या आणि मी तिथे मागे उभी राहिले. इतकी वर्षं ज्याची लाज वाटत होती ती जागा इतकी साधी निघाली.

काम दीड वर्ष चाललं. आत लोखंडी सांगाडा, वर फायबर, त्यावर दगडाची भुकटी मिसळलेला रंग. चिटणीसांशी माझे दोनदा खटके उडाले. पहिला हत्तींवरून. मूळ लेण्यात काही हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत, काही चेहरे झिजले आहेत. मी ते तसेच केले. चिटणीस म्हणाले, अहो बाई, नवीन वस्तू तुटकी कशी देता, लोक म्हणतील काम कच्चं आहे. मी ऐकलं नाही. दुसरा खटका फलकावरून. दाराशी ‘ही प्रतिकृती आहे, मूळ लेणं कार्ल्याच्या डोंगरावर आहे’ असा, खाली मूळ लेण्याची माहिती असलेला फलक लावायचा असं मी आधीच ठरवलं होतं. त्यांना तो नको होता. त्यांचं म्हणणं असं की लोक रविवारी चार घटका मजेत घालवायला येतात, आत जायच्या आधीच त्यांना हे खोटं आहे म्हणून कशाला सांगायचं. ते वाईट माणूस नाहीत. पण माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही होतात. मी सांगितलं, फलक नसेल तर मी चावी देणार नाही. माझ्या तोंडून असं काही निघेल असं मला वाटलं नव्हतं, त्यांनाही नाही. शेवटी फलक लागला, पण बाहेर पडायच्या दाराशी. तेवढ्यावर मी गप्प बसले आणि त्याबद्दल स्वतःला बरेच दिवस बोल लावला.

बाग उघडली तशी मी दर रविवारी तिथे जाऊन बसू लागले. घरच्यांना वाटलं मला कामाचा अभिमान आहे. मी खरं तर धास्तावले होते. बाहेरच्या दारासमोर एक बाक आहे, तिथे बसून मी बाहेर येणाऱ्यांची तोंडं बघायचे आणि कोण ‘पाहिलं’ म्हणतं ते ऐकायचे.

लोक काय करतात सांगू? सगळ्यात आधी खांबावर टकटक करतात. लहान, म्हातारे, जोडपी, गणवेशातली शाळेची मुलं, सगळे. अगदी तुमच्यासारखी, बोटाच्या पेराने. पोकळ आवाज येतो, ते एकमेकांकडे बघतात आणि हसतात. त्या हसण्यात तुच्छता नसते, सर. जादूच्या खेळात युक्ती कळल्यावर माणूस जसं हसतं तसं ते असतं. पहिल्या दोन-तीन रविवारांतच माझ्या लक्षात आलं की इथे कोणी फसतच नाहीये. फलक कुठेही असो, आत पाऊल टाकल्यावर दुसऱ्या मिनिटाला प्रत्येकाला कळलेलं असतं. आणि तरी आवाज खाली येतात. फोटो काढतात, हत्तींसमोर तोंडं वेडीवाकडी करतात, मोबाइलवर गाणं लावतात, सगळं करतात. पण स्तूपाजवळ आल्यावर हळू बोलतात. एका रविवारी पाहिलं तर दाराबाहेर चपलांची रांग लागली होती. चपला काढा असं कोणी सांगितलेलं नाही. एका कुटुंबाने काढल्या आणि मागच्यांनी बघून काढल्या. बागेचा पहारेकरी माझ्याकडे येऊन विचारत होता, बाई, चपलांसाठी मांडणी करू का.

या पहारेकऱ्याची एक गंमत सांगते. एका सकाळी त्याचा फोन आला की बाई, काळजी करू नका, हत्तीची सोंड मी दुरुस्त केली आहे. मी धावत गेले. त्याने बिचाऱ्याने पांढऱ्या सिमेंटची ठसठशीत सोंड लावली होती, वर रंगही जुळवून दिला होता. लोक तुटकी सोंड बघून त्याच्याकडे तक्रार करायचे, आणि त्याला वाटायचं की पहाऱ्यात आपलीच हयगय झाली. मी त्याला सगळं समजावलं आणि आम्ही दोघांनी मिळून ती सोंड पुन्हा तोडली. तेव्हापासून तो लोकांना अभिमानाने सांगतो की ही मुद्दाम तुटकी केली आहे, खरीही अशीच तुटलेली आहे. मग लोक विचारतात, खरी कुठे आहे. मग तो सांगतो. विरारहून कसं जायचं, कुठे उतरायचं, पायऱ्या किती दमवतात, हे सगळं त्याला आता तोंडपाठ आहे. तो स्वतः अजून गेलेला नाही.

मग एके दिवशी मी आईला नेलं. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. जन्मभर चैत्रात एकवीरेला गेली, पण गुडघे गेले तेव्हापासून पायऱ्या बंद झाल्या. तिला मी काय दाखवते आहे हे सांगितलं नव्हतं. भाऊ आणि मी तिला धरून आत नेलं. ती बराच वेळ वर बघत राहिली, मग म्हणाली, “हत्ती लहान झालं, का मी मोठी झाली?” मी सांगितलं की माप निम्मं आहे. ते तिने ऐकलंच नाही. ती डाव्या बाजूच्या खांबांमागे गेली आणि चौथ्या-पाचव्या खांबाशी भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, आमी हितं बसून भाकरी खायचो, तुझा बापूस हितं पाय पसरून निजायचा, तवा कोन अडवत नव्हतं. मी तुम्हाला प्रदर्शनात सांगितलं होतं ना, आईच्या कडेवर होते म्हणून. त्या कडेवरून मी काय बघितलं असेल, ते मला त्या दिवशी आईने दाखवलं. पाण्याचं टाकं कुठे होतं, वारा कुठून यायचा, माझा भाऊ कुठल्या खांबाभोवती गोल गोल पळायचा. पुस्तकात नाही असं अर्धं लेणं तिच्याकडे होतं, आणि ते तिला आठवायला माझं फायबरचं लेणं पुरलं.

बाहेर आल्यावर ती लेण्याकडे तोंड करून उभी राहिली, उजव्या हाताला वळली आणि हात जोडले. मूळ जागी तिथे देवीचं देऊळ आहे. आमच्या बागेत तिथे हिरवळ आणि पाण्याचा नळ आहे. तिच्यामागून येणाऱ्या एका जोडप्याने तिला बघून त्या नळाला मनोभावे नमस्कार केला. मला हसू आवरेना. घरी परतताना मी आईला विचारलं, देवी नाही म्हणून तुला चुकल्यासारखं वाटलं का. ती म्हणाली, “बरं केलंस तिला नाय आनली. तिला आपल्याकडं आनायची नसते, आपून तिच्याकडं जायचं असतं.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाली की आता जायला होनार नाय, पन आज बसून तरी आले.

सर, ती ‘पाहिलं’ म्हणाली नाही. ‘बसून आले’ म्हणाली. मी ते दोन शब्द घेऊन घरी आले, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की कदाचित तुमचं चुकलं होतं. निदान अर्धं तरी.

उरलेल्या अर्ध्याचं उत्तर फुलपाड्याच्या एका बाईंनी दिलं. त्या तिथल्या एका इमारतीत राहतात, मूळच्या कोकणातल्या, मुंबईत नोकरी करतात. लागोपाठ तीन रविवार मी त्यांना बघितलं. एकट्या यायच्या, टकटक नाही, फोटो नाही, दर वेळी एकेका खांबासमोर उभ्या राहायच्या. तिसऱ्या रविवारी बाहेर पडताना फलकासमोर थांबल्या आणि तो शेवटपर्यंत वाचला. मग दोन महिने दिसल्या नाहीत. मला वाटलं, झालं यांचं पाहून. एका सकाळी त्या थेट माझ्या बाकाजवळ आल्या. पहारेकऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं असणार. म्हणाल्या, मी जाऊन आले.

मी त्यांना शेजारी बसवलं. निकाल ऐकायला मी दहावीतही एवढी घाबरले नव्हते. त्या सांगत होत्या की तिथे गर्दी होती, ढकलाढकली होती, लोक दहा मिनिटांत आत येऊन बाहेर जात होते. पण मला आधीच ठाऊक होतं कुठे बघायचं, असं त्या म्हणाल्या. मागचे सात साधे खांब बघायला मी एकटीच गेले, तिकडे कोणीच वळत नव्हतं. तिथल्या छताच्या कमानी खऱ्या लाकडाच्या आहेत हे तुमच्या फलकावर वाचलं होतं, तरी तिथे मान वर करून बघितल्यावर अंगावर काटा आला. मग त्या म्हणाल्या, “तुमच्या लेण्यात एकच गोष्ट खोटी आहे. तुम्ही उजेड फार ठेवला आहे. तिथे आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. थांबावं लागतं.”

तुम्ही बोलला असतात तर असंच बोलला असतात. दुसऱ्याच दिवशी मी चिटणीसांना गाठलं आणि आतले निम्म्याहून जास्त दिवे काढायला लावले. या वेळी ते भांडले नाहीत. म्हणाले, बाई, विजेचीही बचत होईल. आता लोक आत येतात, चाचपडतात, ‘लाइट गेली का’ म्हणतात आणि थांबतात. हळूहळू हत्ती दिसू लागतात. मी बाकावर बसून आतून येणारे आवाज ऐकते. आधी गलका, मग एक क्षण शांतता, मग कोणीतरी हळूच म्हणतं, ते बघ, वर. हल्ली मी दर रविवारी जात नाही. आजही गेले नाही. जावंसं वाटलं नाही, म्हणजे धास्ती वाटली नाही. म्हणून तर हे लिहायला वेळ मिळाला.

तुम्ही वर्कशॉपमध्ये हसला होतात, त्याचा अर्थ आता मी शोधत नाही. माझ्यापुरता मी एक निवडून ठेवला आहे. तो चुकीचा असला तरी तुम्ही काही सांगायला येणार नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार? पापडीच्या त्या खोलीच्या जागी आता तीन मजली घर आहे, घरमालकीणही नाही. वहीतच राहू दे. आणि वहीतच राहणार आहे म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. फुलपाड्याच्या बाईंनी त्या दिवशी आणखी एक विचारलं होतं, ते मी वर लिहिलं नाही. त्यांनी विचारलं, उजव्या रांगेत भिंतीकडच्या बाजूला, एका घोड्यावर मागे वळून बघणारी एक बाई आहे ना, ती मला तिथे काही केल्या सापडली नाही. मी म्हटलं, फार अंधार आहे हो तिथे. त्यांनी मान डोलावली, म्हणाल्या, हो, तेही खरंच, पुढच्या वेळी टॉर्च नेते. सर, मूळ लेण्यात तशी बाई नाही. तिथला चेहरा इतका झिजलेला होता की तीन दिवस उभी राहूनही मला तो वाचता आला नाही, फोटोही काळे आले, आणि झिजलेला तसाच करायचा हे ठरलेलं असूनही त्या एका जागी माझा हात थांबला नाही. फलकावर हे लिहिलेलं नाही. लिहायला हवं हे मला कळतं. पण ती चांगली जमली आहे, सर.